नारिंगी पट्ट्यातलं घर

— नाही नाही, लावा हात, हात लावायला काही हरकत नाही, भिंत काही लगेच पडत नाही — म्हणजे पडणारच नाही, असं म्हणायचं होतं मला. बघा, पहिल्याच वाक्यात घसरलो. मुलीनं फोनवर तीनतीनदा बजावलंय, बाबा, माणसं घर बघायला आली की खिडक्या दाखवा, उजेड दाखवा, नळाला पाणी किती जोरात येतं ते दाखवा, आणि जमिनीबद्दल एक अक्षर बोलू नका. तर या, इकडे या, ही खिडकी. दुपारभर ऊन असतं इथं. खाली सगळं शहर दिसतं, नदीचं वळणसुद्धा दिसतं, तुमच्या मिसेसना जाहिरातीतल्या फोटोत आवडलं ते हेच ना? वाटलंच. आम्हालाही यानंच भुलवलं. आमची ही लग्नानंतर पहिल्यांदा या खिडकीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाकीचं घर नाही पाहिलं तरी चालेल. आणि खरंच नाही हो पाहिलं आम्ही. ती शाळेत गणित शिकवणारी, मी भूशास्त्रात डॉक्टरेट करणारा, आणि घर घेतलं ते खिडकी बघून.

तुम्ही भिंतच बघताय अजून. हं. ती भेग आहे, बरोबर. आणि तिच्यावर आडवी चिकटवलेली ती काचेची पट्टी — काही नाही ते, जुनी पद्धत आहे, भेगेच्या दोन्ही बाजूंना काच पक्की चिकटवायची, भेग रुंदावली की काच तडकते, म्हणजे कळतं. ही? ही तडकलेली आहे, हो. दुसरी लावायची राहिलीय. आता तुम्ही दातांचे डॉक्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, दात हलायला लागला की माणूस दाताला दोष देतो आणि तुम्ही बघता हिरडीकडे. भिंतीचंही तसंच. भिंत चांगली आहे. भिंतीला मी कधी नावं ठेवणार नाही, गवंडी फार मन लावून काम करणारा होता. हिरडीचं — जाऊ दे. स्वयंपाकघर बघू या का?

बसा तरी मग. ही खुर्ची नको, ती डुगडुगते — फरशीला थोडा कल आहे तिथं. इथं बसा. नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी काही बोलणार नव्हतो. मी विद्यापीठात उतार शिकवायचो. म्हणजे डोंगरउतार का घसरतात, कधी घसरतात, घसरायच्या आधी काय काय खुणा देतात. निवृत्त होता होता त्यांनी माझा सगळा अभ्यासक्रम इंटरनेटवर चढवला — व्याख्यानं, नकाशे, उजळणीचे प्रश्न, सगळं फुकट, कुणीही बघा. मला वाटलं कोण बघणार, पण बघतात, कुठून कुठून बघतात. एकीनं खाली लिहिलं होतं, सरांचा आवाज ऐकला की मला पटकन झोप लागते. मी आठवडाभर ठरवत होतो ही तारीफ की टोमणा. हिनं एका मिनिटात निकाल दिला — मला विचारा, मी इतकी वर्षं त्याच आवाजावर झोपतेय.

ही? ही मुलीकडे असते सध्या. गुडघे. इथला चढ झेपत नाही तिला. म्हणजे गुडघे हे कारण आहेच, खोटं नाही सांगत, पण जाताना म्हणाली, तुम्ही भिंतीकडे जेवढं बघता त्याच्या निम्मं माझ्याकडे बघितलं असतं तर गुडघे घेऊनसुद्धा राहिले असते. विनोदानं म्हणाली. बहुतेक विनोदानंच. बॅग भरून झाली होती तेव्हा.

तर त्या अभ्यासक्रमात शेवटचा एक सराव आहे. विद्यार्थ्यांना एक खरा उतार द्यायचा, खरी मापं द्यायची, आणि विचारायचं, बोला, याचं काय होणार? खरा उतार, खरी मापं कुठून आणायची? त्यासाठी यंत्रं बसवायला लागतात, जागामालकाची परवानगी लागते, कुणी देत नाही, माझ्या जमिनीला आजारी ठरवू नका म्हणतात. मग मी — हो. मागच्या अंगणात ते झाकण आहे ना, तुम्हाला पाण्याचं बोअर वाटलं असेल, त्यात पाणी नाही, यंत्र आहे. जमीन किती वाकली ते दर तासाला विद्यापीठाला कळवतं आणि त्याची रेघ साइटवर दिसते. मापं घेणाऱ्यानं मापाच्या जागेवर राहू नये, हे मी पहिल्या व्याख्यानात सांगितलंय. आणि मी तिथं, म्हणजे इथं, चहा पीत तीच रेघ बघत बसतो. विद्यार्थ्यांना माहीत नाही हे कुणाचं घर ते. सरावाचा शेवटचा प्रश्न आहे, तुम्ही इथं राहाल का, कारण द्या. बहुतेक जण नाही म्हणतात, कारणं चांगली देतात, मी मार्क देतो. एकानं मात्र उलट विचारलं, सर, तुम्ही राहाल का? त्याला उत्तर लिहायचं राहून गेलंय.

नाही, पडेलच असं मी म्हटलेलं नाही. तेच तर सांगतोय. लोकांना वाटतं तज्ज्ञाला माहीत असतं. शहराचा धोक्याचा नकाशा केला तेव्हा तीन रंग होते — लाल म्हणजे घरं नकोत, पिवळा म्हणजे बांधा पण जपून, आणि मधे नारिंगी. आपली ही गल्ली मी नारिंगी केली. समितीत एकानं विचारलं, नारिंगी म्हणजे नेमकं काय समजायचं? मी म्हटलं, अभ्यास चालू. खरं म्हणजे नारिंगी म्हणजे मला माहीत नाही. मला आजही माहीत नाही. रेघ वर जाते, मग वर्षभर गप्प बसते, परत केसभर सरकते. उतार खाली येत असेल, किंवा घर आपल्या वजनानं बसत असेल, किंवा यंत्र म्हातारं झालं असेल माझ्यासारखं. मी चुकत असेन. माझ्याहून हुशार माणसं याहून कमी पुराव्यावर ठाम बोलतात, मला हेवा वाटतो त्यांचा. आणि एक सांगू का — नको, हे मुलीला कळता कामा नये — सलग पाऊस लागतो ना, तेव्हा मी ती रेघ बघतो आणि मनात येतं, सरकू दे. थोडंसंच. कुणाला काही न होता, नुसतं दिसेल इतपत. आयुष्यभर जे शिकवलं ते खोटं नव्हतं, एवढं कळण्यापुरतं. मग खालच्या घरातला दिवा दिसतो आणि मलाच माझी लाज वाटते.

आता कळलं ना आधीची दोन कुटुंबं का परत आली नाहीत? कुणी काही विचारत नाही हो, मीच बोलतो. एक बिचारे नुसते पंख्याबद्दल विचारत होते. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला घर विकायचंच नाहीये. विकायचंय मला. तिच्याकडे दोनच खोल्या आहेत, तिची आई बैठकीत झोपते, हे विकलं तर मोठी जागा घेता येईल, आम्ही दोघं एकत्र राहू. हे मला कळत नाही का? पण समोर माणूस बसला की त्याच्या तोंडाकडे बघून — आणि न सांगता विकलं तर मी कोण? आणि सांगून कोण घेणार?

काय?

काय म्हणालात? घेता?

ऐकलंत ना सगळं? नाही, नीट ऐकलंत का? मी आत्ता अर्धा तास — हो, खरं बोललो, खरं बोलतोय म्हणूनच तर — अहो, खरं बोलणारा माणूस भेटला म्हणून कुणी घसरणारी जमीन घेतं का? दवाखान्यात पेशंटनं असं केलं तर तुम्ही काय म्हणाल? हसू नका. मी राहतोच आहे की म्हणजे? राहतोय, हो. इतकी वर्षं राहतोय. पण तो पुरावा नाही हो, डॉक्टर, ती सवय आहे.

कोण म्हणालं? खालच्या ताई? त्या शिवणकाम करतात त्या? फाटकाशी भेटल्या तुम्हाला, बरं, काय म्हणाल्या? नेमके शब्द सांगा. 'सर राहतात ना इथं, मग आपल्याला कसली भीती.' असं म्हणाल्या. 'सरांना सगळं कळतं, काही असतं तर ते आधी गेले असते.'

थांबा. एक मिनिट थांबा.

मी या खोलीत सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवला, तासभर समजावलं, पाणी कुठं मुरतं, माती कशी फुगते. लोकांनी बिस्किटं खाल्ली, रस्ता रुंद होणार का ते विचारलं. आणि निघताना याच ताई दारात थांबल्या, म्हणाल्या, सर, तुम्ही जाताय का घर सोडून? मी म्हटलं, नाही, सध्या तरी नाही. आणि सगळे कसे एकदम मोकळे झाले, हसतखेळत उतरून गेले. मला वाटलं, माझं जाणं नकोय त्यांना, माया आहे. मी हिला कौतुकानं सांगितलंसुद्धा. माया नव्हती ती. ते माप घेत होते. मी अंगणात यंत्र पुरलं, भिंतीला काच चिकटवली, आणि ती माणसं इतकी वर्षं सकाळी माझ्या खिडकीकडे बघतायत — सर उठले का, सर आहेत का, आहेत, मग ठीक. नकाशा एकानं उघडला नसेल. माझी व्याख्यानं परक्या मुलांनी ऐकली, गल्लीत कुणी ऐकली नाहीत. त्यांनी मलाच वाचलं. आणि मी रोज सांगत राहिलो, काही नाही, काही नाही.

मग विकून काय होणार? तुम्ही येणार, आणि त्या म्हणणार, डॉक्टर आले राहायला, शिकलेला माणूस आहे, बघूनच घेतलं असेल. नाही. विकून नाही चालणार. कुलूप लावून जायला हवं. भरदिवसा, सामान सगळं रस्त्यावर काढून, कपाटं, गाद्या, सगळं, कुणी विचारलं तर सांगायचं, भीती वाटते मला. तज्ज्ञ म्हणून नाही, भीती वाटते म्हणून. तेवढं सगळ्यांना वाचता येईल. आणि मग मुलीला — मुलीला काय सांगू, घर रिकामं ठेवून तुझ्या दोन खोल्यांत येतो म्हणून? आणि त्यानंतर पन्नास वर्षं हा उतार इथंच उभा राहिला तर? ताईंनी त्यांचं घर मातीमोल किमतीला विकून टाकलं, माझ्याकडे बघून, आणि काहीच झालं नाही तर?

नाही, डॉक्टर. नाही विकायचं. राग मानू नका, मिसेसना सांगा खिडकी दुसरीकडेही मिळते. ठरलं माझं. खरंच ठरलं. चला, मी फाटकापर्यंत येतो, ताई असतीलच तिथं, आत्ताच सांगतो त्यांना, आत्ता नाही सांगितलं तर उद्या मला परत शंका येतील. या, जरा जपून, ही पायरी सुटलीय थोडी. त्या बघा. आहेतच.

काय हो ताई? — हो, हेच ते डॉक्टर. — नाही, नाही जमत त्यांना. दवाखाना लांब पडतो. — अं? मी? मी ते — म्हणजे असं आहे की — नाही हो. मी कुठं जातोय. छे. काळजी करू नका तुम्ही. — हो, आहे ना मी. इथंच आहे.

निघा तुम्ही आता. माझ्याकडे असं बघू नका, डॉक्टर. निघा.