मागे कोण बसणार

—अहो भाऊ, ही किटली विजेची आहे. नाही, किटली छान आहे, चकचकीत आहे, माझं म्हणणं एवढंच की नदीत हिची पिन कुठे खुपसणार? माशाच्या तोंडात? — हसू नका, मागच्या महिन्यात एक जण केस वाळवायचं यंत्र घेऊन आला होता, आणि डोक्यावर केस मोजून बारा. ठेवा ती बाकावर. ही घडीची खुर्चीसुद्धा काढा. उशा किती आहेत? चार? माणसं दोन, रात्र एक आणि उशा चार! बरं, दोन राहू द्या. आणि ते लाइफ जॅकेट उलटं घातलंय तुम्ही — बंद पुढे यायला हवेत, पाठीवर गाठ मारून काय लग्नाला उभे राहणार आहात? थांबा, मी लावते. हात वर. आता ठीक झालं.

आता हे सांगा, वहिनी गाडीतच बसून राहणार आहेत का? नाही, मला काय, मी सहज विचारलं. वरून आवाज येत होते म्हणून. दार आपटल्याचा आवाज तर पार पलीकडच्या काठावर गेला, तिथला बगळा उडाला बिचारा. भांडण कशावरून झालं तेही मी सांगते — मागे कोण बसणार! बघा, मान हलवली. अहो, अकरा हंगाम या धक्क्यावर जोड्या पाण्यात सोडतेय मी. शंभरातली साठ भांडणं इथेच होतात, होडीला पाय लावायच्या आधी, आणि सगळी एकाच गोष्टीवरून. तुम्ही म्हणालात, मागे मी. वहिनी म्हणाल्या, मागे मी. बरं, मला एक सांगा, तुम्ही आधी कधी होडी वल्हवली आहे? मोबाइलवर बघितलीय. आणि त्यांनी? आठ रविवार तलावावर जाऊन शिकल्या. म्हणजे ज्यांनी आठ रविवार खांदे दुखवून घेतले त्यांनी पुढे बसायचं, आणि ज्यांनी आठ रविवार सोफ्यावर बसून बघितलं त्यांनी मागून होडी हाकायची! धन्य आहात. नाही नाही, तुमचा अपमान करत नाहीये, तुमचं वजन जास्त आहे हे मला दिसतंय की. वजनाचं काय, सामान इकडचं तिकडे करता येतं.

ऐका, ही गोष्ट मी सगळ्यांनाच सांगते, फुकट. या होडीत दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून बसत नाहीत — एकामागे एक बसतात. मागचा होडी वळवतो. त्याला पुढच्याची पाठ दिवसभर दिसते. पुढच्याला मागचा अजिबात दिसत नाही, आणि मागे वळायचं नाही, वळलात की होडी डुलते. मग पुढच्याचं काम काय? पुढच्याचं काम बघायचं आणि सांगायचं. खडक आला, ओंडका आला, पाणी उथळ झालं — मोठ्यानं सांगायचं. कारण होडीचं नाक मधे येतं, मागच्याला समोरचं पाणी नीट दिसतच नाही. म्हणजे मागचा हाकतो खरा, पण हाकतो पुढच्याच्या डोळ्यांनी. हे एवढं कळलं की पाण्यात काही अवघड नाही. नदी गरीब आहे हो. पहिली दोन वळणं तर झाडं अशी वाकलीयत पाण्यावर की डोकं खाली घालून जावं लागतं, मग उंच कडा लागतो, त्याच्या सावलीत पाणी हिरवं दिसतं, लोक तिथे वल्हं मारायचंच विसरतात. तिसऱ्या वळणाला फक्त एक खडक आहे. टोपी म्हणतो आम्ही त्याला, वरून टोपीसारखाच दिसतो. तो डावीकडून टाळायचा, मग वाळूचं बेट, तिथे रात्रीचा तंबू. उद्या संध्याकाळी खालचा धक्का. तिथे खालचे असतील, ते तुम्हाला गाडीतून वर आणतील.

खालचे म्हणजे — आमचे हे. माझा नवरा. मी त्यांना खालचे म्हणते, ते मला वरची म्हणतात. — छे हो, सोडलं-बिडलं काही नाही! नवरा-बायको आहोत, मधे फक्त एक नदी आहे, तीही आडवी नाही, उभी. मी इथून होड्या सोडते, ते तिथे उचलतात. दर तिसऱ्या दिवशी गाडीवर होड्या लादून वर येतात. 'चार आणल्या,' म्हणतात. मी म्हणते, 'ठेवा.' झाला आमचा संसार. आणि तुम्हाला वाटतं तुमचंच घर भांडखोर!

कारण? कारण हेच, भाऊ. मागे कोण बसणार. होड्या नवीन घेतल्या तेव्हा आम्ही ठरवलं, गिऱ्हाइकांना पाठवायच्या आधी आपण एकदा जाऊन येऊ. एक रात्र, दोन दिवस. हौस किती होती सांगू — नवा तंबू, नवे टॉर्च. आणि हे मागे बसले आणि जी काही हुकूमशाही सुरू केली म्हणता! डावीकडे मार, उजवीकडे मार, हळू, जोरात, अगं तसं नाही, असं. मी पुढे बिचारी गपगुमान वल्हं मारतेय. तिसऱ्या वळणाला गेलो ते थेट टोपीवर. होडी आडवी, आम्ही पाण्यात, तंबू वाहून गेला — आमच्या आधी पोचला तो खाली! कंबरभर पाणी होतं, जिवाचं काही नाही, पण रात्र काढली बेटावर, उपडी होडी डोक्यावर घेऊन, ओल्या कपड्यांत. दुसऱ्या संध्याकाळी खालच्या धक्क्याला लागलो. ते उतरले, म्हणाले, 'होड्या उचलायला इथे कुणीतरी लागेलच, मी थांबतो.' मी म्हणाले, 'थांबा.' ते आजतागायत थांबलेत. म्हणून मी सगळ्या नवऱ्यांना सांगते, मागे बसून हुकूम सोडू नका. बाई ऐकते ऐकते आणि एक दिवस नदीच वाटून घेते.

तसे माणूस म्हणून वाईट नाहीत हो. त्या दिवशीसुद्धा, भांडणाच्या आधी, दुपारचं ऊन होतं, मानेवर केसांच्या खाली त्यांना एक तीळ आहे, पाणी उडालं की तो चमकायचा, आणि शर्ट पाठीला चिकटलेला, वल्हं मारताना खांदे असे एका लयीत — बघत राहावं असं—

काय?

काय म्हणालात? मी पुढे बसले होते तर त्यांची मान कशी दिसली? — दिसली असेल. वळून बघितली असेल. … हो, वळायचं नसतं, मीच सांगितलं मघाशी. आणि वळलं तरी तोंड दिसतं, मान नाही. बरंच लक्ष असतं की तुमचं! बायको काय बोलते ते ऐकू येत नाही, आणि परक्या बाईच्या गोष्टीत तीळ बरोबर सापडला.

जरा सरका. बसते मी इथे, किटलीशेजारी.

मागे मी होते, भाऊ. झालं समाधान? अकरा वर्षं ही गोष्ट सांगतेय, हजार माणसांना सांगितली असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही. मागे मी होते. हुकूम मी सोडत होते. ते पुढे बसून शांतपणे त्यांचं काम करत होते — बघायचं आणि सांगायचं. 'खडक आहे, डावीकडे घे,' म्हणाले. मी घेतलं नाही. मला वाटलं, उजवीकडून जागा आहे. परत म्हणाले, 'अगं, खडक.' मग तिसऱ्यांदा ओरडले. आणि मी काय म्हणाले माहितेय? 'दिसतोय मला, गप्प बसा!' — आणि धाडकन. मग बेटावर दात वाजत असताना मी वर त्यांनाच म्हणाले, 'सांगता आलं नाही तुम्हाला?' ते म्हणाले, 'तीनदा सांगितलं होतं.' मी म्हणाले, 'मला ऐकू आलं नाही.' ऐकू आलं नाही म्हणे! ऐकू आलं नाही तर उत्तर कुणाला दिलं? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. पण गंमत अशी की हा एवढा पुरावा हातात असून त्यांनी तो कधी काढला नाही. एकदासुद्धा म्हणाले नाहीत की अगं, तू मला गप्प बस म्हणालीस. वाट बघत राहिले, मी आपणहून कधी म्हणते.

तुमच्या होडीत मागच्या बैठकीखाली पत्र्याचा डबा बांधलेला आहे ना, त्यात चिकटपट्टी आहे, दोरी आहे आणि एक कागद. काय मोडलं, काय सैल झालं ते त्यावर लिहायचं. मी इथून लिहिते, 'सात नंबरच्या बैठकीचा स्क्रू सैल.' कागद होडीबरोबर खाली जातो. होडी वर येते तेव्हा खाली लिहिलेलं असतं, 'आवळला. तुझा कधी आवळायचा?' असला वात्रटपणा! मी लिहायची, 'स्वतःचा बघा.' सगळे कागद ठेवलेत मी, बिस्किटांच्या दोन डब्यांत. आणि दर वर्षी हंगामाच्या शेवटच्या कागदावर ते एकच ओळ लिहायचे — 'तीनदा सांगितलं होतं.' आणि मी खाली लिहायची — 'ऐकू आलं नाही.' मजा वाटायची. वाटायचं, चला, अजून रुसलेत, म्हणजे अजून आहेत.

यंदाचा कागद गुरुवारी आला. 'खालची जागा सोडतोय. पुढच्या हंगामाला माणूस बघ. सोमवारी सकाळी बहीण न्यायला येईल.' आज शनिवार झाला. वार, वेळ सगळं लिहिलेलं, तेवढे नेमके आहेत. पण ती ओळ नव्हती, भाऊ. मी कागद उलटून बघितला. डबा झटकला. चिकटपट्टीच्या आत बोट घालून बघितलं. नव्हती. रुसलेला माणूस परवडला हो. ज्यानं विचारायचंच सोडलं, त्याचं काय करायचं? मला फार भीती वाटली. तेव्हापासून झोप नाही मला.

फोन केला ना! काल केला. 'बोल,' म्हणाले. मी म्हणाले, 'दोरी संपलीय.' म्हणाले, 'पाठवतो.' संपला फोन. एवढी मी चुरुचुरु बोलणारी, तुम्हाला तासभर सोडलं नाही, आणि तिथे दोरी! रस्त्यानं जाता येतं, तासाभराचा रस्ता आहे, पण रस्त्यानं जाऊन तोंड उघडेल असं वाटत नाही मला. तो खडक रस्त्यात लागत नाही ना. आणि इतकी माणसं त्याच्यावरून धाडली मी, डावीकडून जा, डावीकडून जा — स्वतः परत एकदाही गेले नाही.

तर हे बघा, सकाळपासून चार कागद फाडले आणि हा पाचवा. तीनच शब्द आहेत. 'ऐकू आलं होतं.' हंगामाची शेवटची होडी तुमची. हा तुमच्या डब्यात घालते, उद्या संध्याकाळी त्यांच्या हातात द्या, म्हणावं वरच्या बाईंनी… म्हणावं…

नको. द्या तो इकडे. ही काय स्क्रू सैल झाल्याची गोष्ट आहे, परक्याच्या हाती पाठवायला?

भाऊ, त्या सात नंबरला जरा हात लावा. हो, तीच जुनी, पोचा आलेली. टोपीचाच पोचा तो, काढू दिला नाही मी त्यांना. ओढा — हां, अशी. बघता काय असे, होडीवाल्या बाईला होडी येते हो! माझं अंथरूण आणि पावाचा डबा पायरीवर आहे, तो द्या. सकाळीच बांधून ठेवला होता, का ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. पुढे कुणी नाही, नाक वर उचललं जाईल, वजन लागेल काहीतरी — तुमची खुर्ची द्या. उशा द्या दोन. आणि ती किटली. हो, किटलीसुद्धा. खालच्या धक्क्यावर वीज आहे. उद्या संध्याकाळी दोघांना चहा लागेल, आणि काय बोलावं सुचलं नाही तर पाणी तरी उकळत ठेवता येईल.

तुम्ही दोघं अर्ध्या तासानं निघा. बेटावर मी शेकोटी करून ठेवते, धूर दिसेल. दुकानाचं दार ओढून घ्या, किल्ली कुंडीखाली. आणि आता वर जा, गाडीची काच वाजवा. भाषण नको. मोबाइलवर काय बघितलं ते नको. 'मागे तू बस' एवढंच म्हणायचं, आणि पुढे बसून तोंड बंद ठेवायचं नाही, दिसेल ते सांगायचं. त्या ऐकतील. नाही ऐकलं तर तीनदा सांगा, आणि चौथ्यांदाही सांगा, आमच्यासारखे थांबू नका.

आधी मला ढकला. अहो, जोरात! एवढ्या उशा घेऊन झोपता, जोर कुठे जातो? — हां. सुटली. …

नाही, आता काही विचारू नका, भाऊ. पुढे सांगणारं कुणी नाही, मला पाणी ऐकायचंय. जा तुम्ही.