दोन तारांची वायर

माझी नात सृष्टी नांदायला गेली त्या साली विश्रामबागेत जवाहरशेठच्या माइकच्या दुकानात मी रेडिओचे सेल घ्यायला थांबलो होतो. माझ्यापुढं कुंडलचा वीरधवल होता.

“शेठ, स्पीकर नुसता घूंऽऽ करतोय.”

“माइक कुठं, मिक्सर कुठं?”

“माइक अंगणात, मिक्सर आबांच्या खाटंजवळ. मधी दोन तारांची वायर.”

“मग करणारच. ती लांब नेली की वाटेतल्या लायटीची घूंघूं गोळा करती. तीन तारांची ने, बॅलन्सवाली. आवाज साफ येतोय.”

“द्या मग. समदं गाव भाषणाला खोळंबलंय.”

“कार्यक्रम कसला रं?”

“गुंडा आबांची शोकसभा.”

“अरारा! कवा गेले?”

“न्हाई गेले. भाषणं आधी ऐकायची म्हणत्यात. साफ ऐकू आली की डोळं मिटतो म्हणत्यात.”

“म्हंजे मी चांगली वायर दिली, की आबा जाणार?”

“...आवं, व्हय की.”

“मग काय देऊ?”

“दोन तारांचीच द्या. लय लांब द्या.”

जवाहरशेठ त्याच साली दिवाळीत वारले. गुंडा आबा अजून आहेत.