पाच वाजेपर्यंतची संमती

जबाब देणार : मबरूका जुरैदी, वय ४७ वर्षे, घरकाम, शिक्षण शालान्त, राहणार नेफ्ता, धाकट्या मशिदीमागे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व मुलगी सलहा यांच्यासह राहते. घरखर्चाची वही एकवीस वर्षे मीच लिहिते.

सोमवारी सलहाने माझ्या फोनवरून खजुराच्या वखारीतल्या नोंदणीच्या कामासाठी माझा अर्ज भरला. मी म्हटले, "तिथं आपलं कोण आहे? ओळखीशिवाय या गावात कोणी दारात तरी उभं करतं का?" ती म्हणाली, "आई, याला दारच नाही." माझ्या वहीच्या दोन पानांचे फोटो तिने जोडले.

बुधवारी सकाळी दहा वाजता फोनवरच मुलाखत झाली. समोर माणूस नव्हता. पडद्यावर प्रश्न येई व उत्तराला दीड मिनिट मिळे. पहिल्या प्रश्नाला मी सलाम केला व प्रत्युत्तराची वाट पाहत बसले. सलहा कुजबुजली, "बोल ना, आई. यंत्र आहे ते. त्याला कुठला सलाम?" मी म्हटले, "नसू दे. आपण आपली रीत का सोडायची?" त्यात एक मिनिट गेले. उरलेल्या वेळात पेट्या व वजन यांचा मेळ कसा घालीन ते सांगितले.

आज गुरुवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी निवड झाल्याचा निरोप आला. सायंकाळी पाचपर्यंत 'मान्य' दाबावे, नाहीतर जागा दुसऱ्यास जाईल, असे त्यात होते. मला कोणी पाहिले नव्हते, घराणे विचारले नव्हते, तरी कोणीतरी ऐकले होते. निरोप मी चारदा वाचला. अल्लाचे आभार मानल्याशिवाय दाबायचे नाही असे ठरवून दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले. कोणाला व्यत्यय नको म्हणून फोनचा आवाज बंद केला. नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू करताना तो हौदाच्या कठड्यावर ठेवला व तिथेच विसरले. पाऊण वाजता आठवून हौदाशी परत आले तेव्हा तो नव्हता. आवाज बंद असल्याने त्यावर फोन लावूनही उपयोग झाला नाही. माझा कोणावर संशय नाही.

मुलीच्या फोनवरून 'मान्य' दाबून पाहिले, पण ओळख पटवण्याचा आकडा हरवलेल्या नंबरावरच जातो. पोलिसांच्या दाखल्याशिवाय त्या नंबराचे नवे सिमकार्ड देत नाहीत, म्हणून इथे आले.

अंमलदार म्हणाले, "वखारीचा पत्ता सांगा, माणूस पाठवतो." मला ठाऊक नाही. "तिथल्या साहेबांचं नाव?" तेही ठाऊक नाही. "अहो मावशी, मग तुम्हाला नोकरी दिली कोणी?"

मी म्हणाले, "सकाळपासून मीही हाच विचार करतेय, साहेब."

आता ४ वाजून २५ मिनिटे झाली आहेत. सलहा सिमकार्डाच्या दुकानात रांगेत उभी आहे. दाखला वेळेत पोहोचेल की नाही सांगता येत नाही. म्हणून येथे लिहून घ्यावे की, मी, मबरूका जुरैदी, ही नोकरी मुदतीच्या आत मान्य करीत आहे.

वाचून दाखवण्याआधी अंमलदारांनी मला सलाम केला, मी त्याचे उत्तर दिले. मग मजकूर ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही घाईची आहे, पण माझीच आहे. वेळ ४ वाजून ३१ मिनिटे.