चर्चच्या भिंतीवरला माझा माणूस

अगं, दारात काय उभी पाव्हणीसारखी, ये, अशी जवळ बैस. माझ्या नातीला शाळेत शिकवतेस आणि वर्षभरात एकदा पाय वळला नाय तुझा इकडे. बरं, चर्चबद्दल लिहायचंय म्हणतेस, तर लिही.

आमचा पाडा मोखाड्यातला, डोंगराच्या कडेचा. पहिलं चर्च म्हणजे कारवीच्या कुडाची खोली, शेणमातीने लिंपलेली, घंटा बाहेर जांभळीला टांगलेली. मग नवं बांधायचं ठरलं. इंजिनिअर वसईचा, पण डोक्याचा माणूस. म्हणाला, तुमच्या घरांसारखंच बांधू, चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर, मध्ये खांब नाय, वर एक काच, तिच्यातून ऊन सरळ वेदीवर पडतं. बाकडी नायत, चटईवर बसायचं, चपला बाहेर. जोत्याचा काळा दगड नदीतून आम्हीच डोक्यावर आणला. माझा म्हातारा एका पायाने लंगडा, तरी सगळ्यात मोठा दगड उचलायचा आणि वर मलाच ओरडायचा, चल गं कासवा! चर्च पुरं व्हायच्या आधीच खोकल्याने गेला. आधार कार्डं आली ती त्याच्यामागून, म्हणून तेवढासुद्धा फोटो नाय त्याचा.

वेदीमागची भिंत इंजिनिअरने आम्हा बायांना दिली, लग्नात घरी भिंतीवर चित्रांचा चौक लिहिता तसं लिहा म्हणाला, फक्त शेण लावू नका. मी विधवा, लग्नाच्या चौकाला मला कोण हात लावू देणार, पण फादर म्हणाले, आजी, इथे सगळ्यांनी लिहायचं. आणि काय सांगू बाय तुला, न लिंपलेल्या भिंतीवर आमचा हातच चालेना. इंजिनिअर वसईला गेला आणि आम्ही सगळी भिंत शेणाने लिंपली, वर गेरू, मग तांदळाच्या पिठाने लिहिलं. शेणाचा पहिला हात माझा. दगड वाहणाऱ्यांची रांग मी लिहिली, त्यात तो. पोरी चिडवायच्या, आजी, सगळे सारखेच, तुझा कुठला गं? मी म्हणायची, एक पाय आखूड तो.

इथलं धुकं तुला ठाऊक हाय. शेणाने ओल धरली, गिलावा फुगला, एकदा मिस्सा चालू असताना ढेकूळच पडलं वेदीवर. फादर म्हणाले, आजी, भिंत खरवडून टाइल्स लावायला लागतील, पण वारली चित्राच्याच आणल्यात, गुजरातहून छापून. बिचारे खुशीत सांगत होते. मी बघितल्या. सगळे तारप्याच्या सुरावर नाचतायत, डोक्यावर दगड कुणाच्याच नाय. दोष कुणाला देऊ, शेण मीच लावलेलं. पुन्हा लिहीन म्हटलं तर हात थरथरतो. फादरांनी मोबाईलवर फोटो काढला, त्यात तो मुंगीएवढा, पाय आखूड की लांब कळतसुद्धा नाय.

मिस्तरी सोमवारी येणार. आता तुझी एसटी यायची झाली, जा. पण या रविवारी नक्की ये, बाय, मिस्साच्या आधी. बोट लावून दाखवते तुला कुठला तो. माझ्याशिवाय आणखी कुणीतरी बघितलेला असू दे.