सोनगीरच्या प्रेमराज बागुल यांच्या समुद्रातील मृत्यूबाबत

नाव : हुमा तौसिफ पिंजारी, वय २९, धंदा : गादी-रजई भरण्याचे दुकान, राहणार मेहरूण, जळगाव.

कोकणातील पोलीस ठाण्याकडून पत्र आल्यावरून मला बोलावले. मी स्वतः हजर राहून सांगते की,

वर नमूद पत्त्यावर मी पती तौसिफ, सासू रहिमाबी व मुलगी आयत यांच्यासह राहते. सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही चौघे कोकणात गेलो. पतीने मोबाइलवर फोटो बघून जागा ठरवली होती. डांबरी रस्ता संपल्यावर सुरूच्या बनात मोठे कापडी तंबू आहेत. आत पलंग, पंखा, आरसा सगळे आहे. आसपास वस्ती नाही, फोनला रेंज नाही. आमच्याशिवाय फक्त शेजारच्या तंबूत माणसे होती.

ते प्रेमराज निंबा बागुल व त्यांची पत्नी दिपमाला. सोनगीरला त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. लग्नाला थोडेच महिने झाले होते. सासूबाईंचे माहेर सोनगीरजवळचेच. अहिराणी कानावर पडली आणि दिपमाला त्यांच्याजवळ येऊन बसली.

प्रेमराजभाऊ सभ्य वाटले. त्यांनी आयतला शिंपले आणून दिले. दोघे वाळूत फिरत, तेव्हा दिपमाला त्यांच्या डाव्या हाताला असे आणि ते उजवीकडे बघून बोलत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपमाला हिरवे लुगडे नेसून आली. नवऱ्याने आपल्या बॅगेतून काढून दिले, असे म्हणाली. तिने निरी उलगडून दाखवली. "आक्का, मी आझून वाळूमा गयी नही. ह्या लुगडामा पहिलेथीनच वाळू शे." सासूबाईंनी विचारले, "कोन्हं लुगडं शे, बेटा?" ती म्हणाली, "माले माहीत नही. त्या मनासंगे बोलतस, पन मनाकडे देखतस नहीत." म्हणजे, नवरा तिच्याशी बोलतो, पण तिच्याकडे बघत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या प्रमिलाबाई तेथे चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी लुगडे पाहिले आणि किटली खाली ठेवली. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "हे भाऊ दोन वर्षांपूर्वी याच तंबूत उतरले होते. तेव्हाची बाई परत गेली नाही. ज्योती नाव होतं. भरतीत गेली."

मी ते दिपमालाला लगेच सांगितले. तिला पहिल्या बायकोबद्दल माहीत होते. आजारपणात वारली, एवढेच तिला सांगितले होते. ती तंबूत गेली व आपली साडी नेसून, हिरवे लुगडे घडी करून बाहेर आली. म्हणाली, "आज त्यासले घर लई जासू." म्हणजे, नवऱ्याला आजच घरी घेऊन जाईन. पतीने गाडीत सामान भरायला सुरुवात केली. दोघांना आमच्यासोबत न्यायचे ठरले.

सूर्य मावळण्याच्या सुमारास सासूबाई नमाजसाठी वजू करत होत्या. मी आयतला शोधायला वाळूवर गेले. आयत दिपमालाजवळ उभी होती. दिपमालाच्या हातात नवऱ्याच्या चपला होत्या. प्रेमराजभाऊ पाण्यात गुडघ्यापर्यंत होते. ती ओरडत होती, "ओ, मांगे फिरा! घर चाला!" त्यांनी मागे पाहिले नाही. धडपडले नाहीत, घाईही नव्हती. लग्नघरात ओळखीचे माणूस दिसल्यावर आपण गर्दीतून वाट काढतो, तसे चालले होते. "उनू व, उनू," असे म्हणत होते. म्हणजे, आलो गं, आलो.

मी हाका मारल्या. पती धावत आले, छातीएवढ्या पाण्यात गेले. लाटेने त्यांना दोनदा मागे टाकले. मग काही दिसेना. दिपमाला पुढे निघाली तेव्हा मी तिला कमरेला धरून बसवले. तिची साडी कोरडी होती. सकाळी कोळ्यांना प्रेत खडकाजवळ मिळाले.

मयताचे भाऊ उखर्डू बागुल यांनी दिपमालाने नवऱ्याला ढकलले, अशी तक्रार दिल्याचे मला आज समजले. हे खोटे आहे. ती त्यांच्यापासून लांब, कोरड्या वाळूवर होती.

दिपमाला सध्या धुळ्याला माहेरी आहे. तिचा फोन येतो. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, ती फोन ठेवत नाही. मीही फोन ठेवत नाही.

पाण्यात आणखी कोणी होते का, असे मला विचारण्यात आले. मला कोणी दिसले नाही. आयतला काय दिसले ते मी तिला विचारलेले नाही, आणि कोणी विचारू नये अशी विनंती आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'पाण्यात पडले' असे लिहिले होते. ते खोडून 'चालत गेले' असे करून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही : हुमा तौसिफ पिंजारी