औशाच्या मामांचा नमुना व्हिडिओ

अरे हसू नका, मला अजून कळलेलं नाही की त्या वर्गाला शिकवत नेमकं कोण होतं, मी की क्लासवाले!

लातूरच्या कॉलेजात मी पत्रकारितेच्या पोरांना मोबाईलवर व्हिडिओ करायला शिकवायचो. म्हटलं, त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेल्या एका माणसाची मुलाखत करून आणा. लगेच प्रश्न आला, "सर, नमुना दाखवा की." दहावीपासून क्लासला जाणारी पोरं ती, नमुना उत्तर पाहिल्याशिवाय पेन उचलत नाहीत. म्हणून मी माझ्या औशाच्या मामांची घेतलेली मुलाखत दाखवली.

आठवड्यानं व्हिडिओ आले. पहिल्यात माझे मामा. दुसऱ्यातही मामाच. मला वाटलं, मी चुकून माझीच फाईल उघडतोय. पण मामांचा शर्ट दर वेळी वेगळा, आणि बोलणं मात्र शब्दाला शब्द तेच!

मामांना फोन लावला, तर ते वैतागलेले. "तुझी पोरं रोज यायलीत. एक शब्द बदलला की म्हणतात, मामा, असं नव्हतं, परत म्हणा."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ओरडलोच, "अरे, तुमच्या घरात कुणीच भूकंप पाहिला नाही का?"

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "पाहिलाय की सर. म्या आजोबांचाच व्हिडिओ केलता आधी. पण ते बोलता बोलता रडायले. तुमचे मामा कुठं रडलेत? मग चुकलं म्हणून डिलीट केला."