दुसरा रिमोट

गेमच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते, कामावरून थेट आलेले, दमलेले.

“घरी कन्सोल असताना हे हातातलं कशाला रे?”

“ते टीव्हीपुढेच खेळावं लागतं. हे अंथरुणात पडल्या पडल्याही खेळता येतं.”

“म्हणजे माझ्याकडे पाठ करून.”

“अगं, तू तर आडवी झालीस की घोरतेस!”

“घोरत नाही हं. डोळे मिटून वाट बघते.”

“कसली?”

“तू म्हणशील, ऊठ, एक डाव खेळू. घरच्याला दोन रिमोट आहेत. यात मी कुठे बसू?”

“तुझा रिमोट चालत नाही ना?”

“त्याची चार्जिंगची वायर तुटलीय. केव्हाचं सांगतेय.”

“बोला साहेब, कोणतं दाखवू?”

“रिमोटची वायर द्या.”

“लांब द्या हं, दादा. सोफ्यापर्यंत पोचेल अशी.”